शेवटचा हप्ता फिटला? आता बोजा उतरवा

गृहकर्ज फिटलं म्हणजे घर मोकळं झालं, असं नाही; सरकारी उताऱ्यावर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तशीच राहते. बँकेकडून नो ड्यूज दाखला आणि मूळ खरेदीखत घ्या. कर्ज घेताना दिलेल्या कागदांच्या यादीशी पानं ताडून बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कागद ३० दिवसांत मिळायला हवेत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

बहुतेकजण विसरतात ते पुढचं. मिळकत कोल्हापूर शहरात असेल तर सिटी सर्व्हे ऑफिसात प्रॉपर्टी कार्डावरचा बोजा कमी करून घ्या. करवीर तालुक्यातल्या गावात सातबारा असेल तर तलाठ्याकडे, 'इतर हक्क' रकान्यातून. अर्जाला बँकेचं पत्र जोडा. पोच घ्याच! फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, मंजूर झाल्यावर नवा उतारा काढा. जुना बोजा दिसला, की विकताना गिऱ्हाईकाचा वकील तिथंच अडून बसतो.