चौकटीचं काम शिकायचं असेल तर

अकरा वर्षं झाली, मी चौकटी, दारं आणि खिडक्या करतो. फर्निचर करत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण दरवर्षी दोन-तीन पोरं 'सुतारकाम शिकायचंय' म्हणत कारखान्यात येतात आणि त्यांच्या डोक्यात सोफा आणि किचन ट्रॉल्या असतात. आमच्याकडे प्लाय आणि सनमायका फारसा येत नाही. वखारीतून लाकडाच्या साईज येतात आणि टेम्पोत चौकटी चढतात. ती चौकट ज्या भिंतीत बसणार ती भिंत आम्ही बहुतेक वेळा पाहिलेलीही नसते.

मी दहावीनंतर आयटीआयला कारपेंटर ट्रेड घेतला. कोर्स एक वर्षाचा असतो आणि आठवी पास असलं तरी चालतं. वर्गातल्या निम्म्या पोरांना इलेक्ट्रिशियन हवा होता, तो मिळाला नाही म्हणून ती इथे बसली होती. पहिले दोन महिने करवत, रंधा, पटाशी, गुण्या एवढंच. कंटाळा येतो. पण रेघ शिल्लक ठेवून कापणं आणि पटाशीला हाताने धार लावणं तिथे बसलं नाही, तर पुढे कुणी बसवून देत नाही. त्यानंतर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली एका कारखान्यात लागलो. स्टायपेंडवर शहरात खोली घेऊन राहता येईल असं समजू नका. मी मामाकडे राहिलो, म्हणून निभावलं.

कारखान्यात पहिले तीन महिने काय केलं? थप्प्या लावल्या. फळ्यांमध्ये सारख्या अंतरावर बारक्या पट्ट्या घालायच्या, म्हणजे हवा खेळते. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, हा उघड्यावर लाकूड वाळवायचा जुना हिशोब. आता भट्टी असते आणि मॉइश्चर मीटरही असतो. आम्ही बारा टक्क्यांच्या आसपास आकडा आल्याशिवाय दाराला हात लावत नाही. तेव्हा मला हे हमालीचं काम वाटायचं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, हे त्या थप्प्यांपाशीच कळलं. म्हणून दारातलं पॅनेल खाचेत मोकळं सोडायचं, त्याला सरस लावायचा नाही. नवीन पोरगा हमखास लावतो. मग पहिल्याच उन्हाळ्यात फळी मधोमध तडकते.

खरं काम आखणीत आहे. मशीन चालवायला सहा महिन्यांत येतं, आखणीला मला तीन वर्षं लागली. प्लायची एक लांब पट्टी घ्यायची आणि तिच्यावर दाराची उंची, रुंदी, कुसू (दुसऱ्या तुकड्याच्या भोकात बसणारं टोक) कुठे, खाच कुठे, सगळं खऱ्या मापात उतरवायचं. पुढचे सगळे तुकडे त्या पट्टीवरून आखायचे, टेप पुन्हा काढायचा नाही. टेपने दहा वेळा मोजलं तर दहा वेळा अर्धा सूत इकडे-तिकडे होतो (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग).

माझी चूक सांगतो. एका इमारतीच्या आठ चौकटी होत्या, पाच बाय अडीच इंच लाकडाच्या, म्हणजे सोळा उभ्या बाजू. मी सगळ्या एकावर एक ठेवून एकाच अंगाने आखल्या आणि दार बसायची खाच मशीनवर मारूनही घेतली. सोळाच्या सोळा डाव्या! वरच्या टोकाला गणेशपट्टीत, म्हणजे चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडात, जाणारं कुसू आणि खालचं टोक साधं, त्यामुळे उलट्या फिरवूनही जमेना. मिस्त्री आले, ढीग बघितला आणि एवढंच म्हणाले, "जोडी कुठाय रं?" आठ बाजू वाया, सात फुटी, जवळजवळ पाच घनफूट साग. त्या दिवसापासून मी दोन बाजू पाठीला पाठ लावून, पेन्सिलीने वर-खाली आणि दर्शनी बाजूची खूण करून मगच आखतो.

सागाचं म्हणाल तर बल्लारशाचा माल हातात आला की कळतो. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी साग तिकडूनच गेला. आमच्या रोजच्या कामात मात्र आयात साग आणि साल जास्त. सरकारी काम असेल तर कागदावर भारतीय मानकांचे नंबर येतात, चौकटीला आयएस ४०२१, पॅनेलच्या दाराला आयएस १००३, ओलाव्याला आयएस २८७. हे वाचता येणाऱ्या कारागिराला सुपरवायझर वेगळ्या नजरेने बघतो.

स्पिंडल मोल्डरपाशी, म्हणजे फिरत्या कटरने लाकडाला खाच मारणाऱ्या मशीनपाशी, पहिलं वर्ष एकट्याने जाऊ नका. फिरत्या कटरपाशी हातमोजे घालायचे नाहीत, ते आत ओढले जातात. फूलबाहीचा शर्ट असेल तर बाह्या दुमडा. मास्क मात्र लावाच. लाकडाचा बारीक भुसा कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत पहिल्या गटात आहे. आमचे जुने लोक तोंडाला रुमाल बांधतात, त्याने हा भुसा अडत नाही.

धंदा आटतोय का, असं पोरांचे वडील विचारतात. खिडक्यांचं काम बरंचसं अॅल्युमिनियम आणि यूपीव्हीसीकडे गेलं, बाथरूमच्या चौकटी ग्रॅनाइटच्या झाल्या. ते परत येईल असं मला वाटत नाही. मुख्य दार मात्र लोकांना अजून लाकडाचंच लागतं. जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीत हाताने सांधे करणारा माणूस शोधूनही मिळत नाही. पुढे शिकायचं असेल तर बंगळुरूच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत थोड्या दिवसांचे कोर्स असतात. सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन, जरूर शिका, पण आधी ती प्लायची पट्टी आखायला शिका. मशीनला चुकीचं माप दिलं तर ते सोळाच्या सोळा डाव्या बाजू माझ्यापेक्षा लवकर कापेल.

आणि मे महिन्यात दार बसवताना भोवती एक सूत फट दिसली, मालक कुरकुरला, तरी ती बुजवू नका. त्याला जुलैत फोन करायला सांगा. माझ्या दारांसाठी आजवर एकच फोन आलाय, तोही कडी गंजली म्हणून.