अकरावीला बायफोकल घेताय? आधी लॅब बघून या

दहावीचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात. बारावीला कॉम्प्युटर सायन्स बायफोकल होतं आणि पुढे इंजिनीअरिंग केलं, एवढ्याच भांडवलावर मावश्या-काकवा विचारतात, "पोट्ट्याला कॉम्प्युटर देऊ का वं?" दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

आधी मार्कांचा हिशोब. बायफोकल म्हणजे अकरावी-बारावीला नेहमीच्या विषयांसोबत घ्यायचा व्यावसायिक विषय, २०० मार्कांचा. तो घेतला की दुसरी भाषा सुटते आणि आणखी एक विषय सुटतो. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स शंभर-शंभरचे, वर कॉम्प्युटरचे दोनशे. म्हणजे मराठीही गेली, बायोही गेलं. 'मेडिकलच्या नीटचं नंतर पाहू' म्हणणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. बायफोकल म्हणजे फक्त कॉम्प्युटर असंही नाही. इलेक्ट्रॉनिक्स आहे, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स आहे, मेकॅनिकल मेंटेनन्स आहे, सिव्हिल आहे. कॉमर्सला बँकिंग, ऑफिस मॅनेजमेंट वगैरे. पण एका कॉलेजात यातले एक-दोनच असतात आणि जागा मोजक्या.

मी का घेतलं? स्कोअरिंग म्हणून. शेजारच्या दादाने सांगितलं होतं, "दोनशेपैकी शंभर प्रॅक्टिकलचे, ते तर घरचेच समज." दादाचं गणित बरोबर होतं, पण उपयोगाचं नव्हतं. राज्यातल्या इंजिनीअरिंग प्रवेशाची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते, बारावीचे मार्क पात्रतेपुरते. सीईटीत मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे ५०-५० एकेक मार्काचे. त्यात कॉम्प्युटरचा एकही नाही. हां, आपल्या नागपूरच्या बजाजनगरातल्या व्हीएनआयटीत, म्हणजे इथल्या एनआयटीत, जेईई मेनवरून जायचं स्वप्न असेल, तर ओपनवाल्यांना बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डातल्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं. तिथे हे शंभर मार्क हात देतात. तेवढ्यापुरतं दादाचं खरं.

दुसरा गैरसमज नावाचा. कॉम्प्युटर म्हणजे दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं, असं मला वाटलं होतं. पहिला पेपर तसा बराचसा होताही: ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस, एचटीएमएल. दुसऱ्या पेपरला मात्र ८०८५ मायक्रोप्रोसेसर समोर आला. त्याचं किट म्हणजे एक हिरवा बोर्ड, कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि लाल आकड्यांची छोटीशी पट्टी. माऊस नाही, स्क्रीन नाही. प्रोग्राम आधी वहीत लिहायचा, प्रत्येक सूचनेचा हेक्स कोड (० ते ९ आणि ए ते एफ वापरून लिहिलेला आकडा) तक्त्यातून शोधायचा आणि एकेक करून दाबायचा.

एक ते पाच आकड्यांची बेरीज करायची होती. आकडे सी००० या पत्त्यापासून ठेवले होते, उत्तर ०एफ, म्हणजे हेक्समधले पंधरा, यायला हवं होतं. येत होतं भलतंच काहीतरी. तीनदा टाकून पाहिलं, तीनदा तेच. पंखा बंद, मी रडकुंडीला आलेली. मॅडमनी वहीत एकाच ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं २१ सी० ००. हवं होतं २१ ०० सी०. २१ ही सूचना, पुढचे दोन मिळून पत्ता. ८०८५ पत्त्याचा मागचा अर्धा भाग आधी घेतो. माझ्या उलट्या लिहिण्यामुळे ते किट ००सी० वर जाऊन स्वतःच्याच रॉममधले, म्हणजे कंपनीने आधीच भरून ठेवलेल्या मेमरीतले, आकडे इमानदारीत मोजून राहिलं होतं! पट्टीवर ०एफ उमटलं तेव्हा शेजारच्या बेंचवरून आवाज आला, "झालं का बापा एकदाचं?" मेमरी म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळलं. सहा महिने व्याख्या पाठ करून नव्हतं कळलं.

ज्यांना हे वाचूनच कंटाळा आला, त्यांच्यासाठी आयटी आहे. तो बायफोकल नाही. १०० मार्कांचा, दुसऱ्या भाषेच्या जागी घेता येतो. ८० मार्कांची परीक्षा कॉम्प्युटरवरच, बाकी २० प्रॅक्टिकलचे. सायन्सला वेब डिझाइन, जावास्क्रिप्ट, पीएचपी. कॉमर्सचा अभ्यासक्रम वेगळा, त्यात अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर येतं. माझ्या बहिणीने कॉमर्सला आयटी घेतलं आणि मॅथ्स सोडून एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलं. नंतर सीएचं डोक्यात आलं आणि त्याच्या पहिल्या परीक्षेचा, फाउंडेशनचा, तिसरा पेपर बघून ती हबकली. बिझनेस मॅथ्स, लॉजिकल रीझनिंग, स्टॅटिस्टिक्स. तेव्हा सीएचा विचार दूरदूरचा असला तरी मॅथ्स ठेवलेलं बरं.

आणि हाताला पान्याचीच ओढ असेल, तर अकरावीच कशाला? सदरला गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा, मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात. आपल्याकडे डिप्लोमाला काऊन नाक मुरडतात कोण जाणे.

बायफोकलच घ्यायचं असेल तर कॉलेज निवडताना कटऑफ नंतर बघा, आधी लॅब उघडून दाखवा म्हणा. कोचिंग क्लासशी टाय-अप असलेल्या एका कॉलेजात वर्षभर प्रॅक्टिकलच होत नव्हती. फेब्रुवारी जवळ आला की जर्नल एकमेकांचं बघून उतरवायचं, झालं. तिथल्या मुलांनी मराठी, बायो दोन्ही सोडलं आणि बदल्यात काही मिळालंच नाही.

मागच्या जूनमध्ये मावसभावाला घेऊन दोन कॉलेजं पाहिली. पहिल्या ठिकाणी किटं कपाटात, अजून प्लास्टिकच्या पिशवीत, कोरी करकरीत. भाऊ खूश झाला, "ताई, एकदम नवीन आहेत वं!" दुसऱ्या ठिकाणची टेबलावरच होती, धूळ नव्हती, एकाला चिकटपट्टी लावलेली, आणि बटणांवरची अक्षरं बोटांनी पुसून गेलेली. पेनाने परत लिहिली होती कोणीतरी.

बर्डीला मेट्रो बदलताना तो म्हणाला, "मग फॉर्मच्या यादीत पहिलं कॉलेज वर टाकू ना?"

"दुसरं टाक," म्हटलं.