आधी गाडीची पाठ

रेसिंग गेमसाठी पहिली ट्यूनर गाडी, म्हणजे हौसेने सजवलेली, बदललेली गाडी, बनवली तेव्हा मी तीन आठवडे तिच्या तोंडावर घालवले. बंपरला हा एवढा मोठा आ, बॉनेटला हवेची दोन भोकं, हेडलॅम्पवर भुवया. मॉडेल गेममध्ये टाकलं, रेस सुरू केली, आणि त्यातलं काहीएक दिसेना. दिसत होती ती फक्त डिकी. आणि डिकी मी शेवटच्या दुपारी, कंटाळून, उरकून टाकली होती.

तेव्हापासून मी उलटीकडून सुरुवात करते. रेसिंग गेममध्ये कॅमेरा गाडीच्या मागे, जरा वर असतो. खेळणाऱ्याला तासन्‌तास दिसतं ते काय? डिकीचं झाकण, मागची काच, छताचा मागचा उतार, टेल लॅम्प, सायलेन्सरचं तोंड आणि मागच्या चाकांची रुंदी. बस. तोंड दिसतं गॅरेजमध्ये आणि पोस्टरवर. त्यामुळे भडक गाडी करायची असेल तर निम्मा वेळ पाठीला द्या, उरलेल्यातला बराचसा बाजूंना, आणि तोंडाला सगळ्यांत शेवटी जे उरेल ते.

कोणती गाडी धरायची यावर फार डोकं खाऊ नका. खऱ्या कंपनीची गाडी वापरायची तर परवाना लागतो, म्हणून आमच्यासारख्या छोट्या टीमला आपलीच गाडी जन्माला घालावी लागते. पण प्रमाणं खऱ्या गाड्यांची घ्या. माझं एक माप आहे: पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर साधारण चार टायर मावतील एवढं. निसान सिल्व्हिया एस १५ मध्ये हे अंतर २५२५ मिलिमीटर आहे आणि तिचा टायर अंदाजे ६३० मिलिमीटरचा. भागून पाहा, बरोब्बर चार. स्कायलाइन जीटी-आर आर ३४ चं गणितही चारच्याच आसपास येतं. साडेचार झालं की गाडी बस वाटायला लागते, साडेतीन झालं की खेळणं.

आता टेल लॅम्प. रात्रीच्या रेसमध्ये गाडीची ओळख म्हणजे तिचे दिवेच. स्कायलाइनला १९७२ च्या मॉडेलपासून मागे चार गोल दिवे मिळाले, आणि आजही अंधारात ते चार गोल दिसले की बघणारा गाडीचं नाव सांगतो. तसं काहीतरी आपल्या गाडीला हवं. मी काय करते, गाडी काळी कुळकुळीत करते, फक्त दिवे पेटवते, चित्राचा आकार चौसष्ट पिक्सेलवर आणते आणि खुर्ची मागे सरकवून बघते. ओळखू आली तर ठेवायची. नाहीतर दिवे पुसून पुन्हा.

एक बारकावा मला फार उशिरा कळला. साधा पेटलेला दिवा आणि ब्रेकचा दिवा यांत फक्त प्रकाशाचा फरक ठेवलात तर गेममधला ब्लूम, म्हणजे दिव्याभोवती पसरणारी ती झाक, दोन्ही एकसारखेच करून टाकते. दोन्ही वेळेला नुसता लाल गोळा. मागून येणाऱ्याला समोरच्याने ब्रेक मारला हे कळतच नाही आणि तो जाऊन धडकतो. म्हणून ब्रेकला आकारच बदला: एरवी बारीक कडं, ब्रेक मारला की भरलेली तबकडी. हे एवढं केल्यावर आमच्या टेस्टिंगमधली ‘समोरचा अचानक थांबतो’ ही तक्रार बंद झाली.

स्पॉयलर, म्हणजे डिकीवरचा आडवा पंखा, हा सगळ्यांचा लाडका, आणि तिथेच नाकापेक्षा मोती जड होतो. छताच्या उंचीचा पंखा बसवला की गॅरेजमध्ये गाडी दृष्ट लागण्यासारखी दिसते. रेसमध्ये मात्र तोच पंखा नेमका समोरच्या वळणावर आडवा येतो. दोन उपाय आहेत. एकतर पंखा डिकीला चिकटून, बदकाच्या शेपटीसारखा उचललेला ठेवा. नाहीतर उंचच हवा असेल तर दोन टेकू लांब लांब लावा, पट्टी पातळ करा आणि मधून रस्ता दिसू द्या. पट्टीच्या दोन्ही टोकांच्या उभ्या पत्र्यांवर रंग खेळवा. कॅमेऱ्याला तेच पत्रे बाहेरच्या कडेला दिसतात, आणि रस्त्यावर त्यांची अडचण नसते.

मग चाकं. नवीन माणूस काय करतो, रिम मोठी करतो आणि टायर तेवढाच जाड ठेवतो. गाडी लगेच कार्टून होते. खऱ्या जगात रिम वाढली की टायरची भिंत कमी होते आणि एकूण उंची जवळपास तीच राहते. २०५/५५ आर १६ या टायरचं गणित करा: रुंदी २०५ मिलिमीटर, भिंत तिच्या ५५ टक्के म्हणजे ११२.७५ मिलिमीटर, ती वर आणि खाली मिळून २२५.५, त्यात सोळा इंचांची रिम, ४०६.४. एकूण ६३१.९. आता २२५/४० आर १८ घ्या: भिंत ९० मिलिमीटर, दुप्पट १८०, रिम ४५७.२, एकूण ६३७.२. रिम दोन इंचांनी मोठी झाली आणि चाक वाढलं जेमतेम पाच मिलिमीटर. हे पाच मिलिमीटर पाळलेत तर गाडी लोअर केल्यावरही, म्हणजे जमिनीकडे खाली बसवल्यावरही, खरी वाटते.

रिमची नक्षी बारीक ठेवू नका. पळताना ती नुसती राखाडी चकती होते. सहा जाड काड्यांची रिम का चालते ते १९९६ मध्ये आलेल्या टीई ३७ या रिमकडे पाहून कळेल. इतकी वर्षं झाली, लोकांचं मन भरत नाही. वेग वाढला की आम्ही खरी रिम काढून तिथे पुसट झालेलं चित्र लावतो, कारण नाहीतर काड्या उलट्या फिरताना दिसतात. आणि मॉडेलमध्ये चाक ज्या बिंदूभोवती फिरतं तो बिंदू अगदी मधोमध आहे ना, तेवढं बघा. दोन मिलिमीटर जरी सरकला तरी चाक पंक्चर काढून घाईत बसवल्यासारखं लटलटतं.

मडगार्ड फुगवायचे ते मागे जास्त, पुढे कमी. कारण पुन्हा तेच, पाठ. सिल्व्हिया एस १५ ची रुंदी १६९५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना ४५ वाढवले की १७८५, म्हणजे आर ३४ जीटी-आरएवढी. कागदावर किरकोळ वाटतं, पण मागून बघितल्यावर गाडी एकदम मांडी ठोकून उभी राहते. क्योटोचे केई मिउरा गाडीचं थ्रीडी स्कॅन घेऊन असे वरून बसवायचे मडगार्ड डिझाइन करतात, आणि त्यांचे बोल्ट लपवत नाहीत. ते उघडे बोल्ट गेममध्येही ठेवा, पण प्रत्येक बोल्ट मॉडेल करू नका, नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे सपाट पृष्ठभागावर उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात, उठाव द्या. पुढची चाकं पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून टायर मडगार्डमधून बाहेर घुसत नाही ना, हे रंग लावायच्या आधी बघायचं. रंगानंतर कळलं तर रडू येतं. मला आलं आहे.

रंगाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे सगळे फसतात. निवडलेला रंग एडिटरमधल्या पांढऱ्या प्रकाशात सुंदर दिसतो, पण गेम रात्रीचा असतो आणि रस्त्यावर पिवळे-नारिंगी दिवे असतात. माझी निळी गाडी घ्या, शून्य ते एक या मापात: लाल ०.०३, हिरवा ०.१०, निळा ०.८०. रस्त्याच्या दिव्याचा रंग १, ०.५५, ०.१५. गुणाकार केला की गाडीचा रंग उरतो ०.०३, ०.०५५, ०.१२. म्हणजे काजळी. एवढा हौसेने घोटलेला निळा दिव्याखाली आला की कोळसा. प्रोग्रॅमरने विचारलं, ‘ही गाडी जळलीय का?’

रंग बदलण्याआधी लक्षात घ्या, की चकचकीत गाडीचा आकार तिच्या रंगाने दिसतच नाही, वरच्या क्लिअर कोटमधल्या, म्हणजे पारदर्शक चकचकीत थरातल्या, प्रतिबिंबांनी दिसतो. तो थर दिव्याचा प्रकाश जसा येतो तसाच परत फेकतो, समोरून सुमारे चार टक्के आणि कडेने जवळजवळ सगळा. म्हणून रस्त्याकडेला थोडे निळसर-पांढरे दिवे, दुकानांच्या पाट्या वगैरे ठेवून घ्या. त्यांचे पट्टे डिकीच्या कडेवरून सरकत गेले की गाडी आपोआप उजळते. गेममधले रस्ते रचणारा लेव्हल डिझाइनर कुरकुरेल. कुरकुरू द्या.

दुसरा उपाय कँडी रंगाचा. खऱ्या कारागिराकडे आधी चंदेरी थर मारतात, त्यावर पारदर्शक रंगीत थर, त्यावर क्लिअर कोट. प्रकाश रंगातून आत जातो, चंदेरीवर आपटतो, रंगातूनच बाहेर येतो. कडेकडे त्याला थरातून लांबचा रस्ता पडतो म्हणून तिथे रंग गडद होतो. शेडरमध्ये, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसेल हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, हेच करा: खाली धातू, वर रंगीत थर, आणि बघण्याच्या कोनावरून गडदपणा. लाल, नारिंगी, सोनेरी कँडी पिवळ्या दिव्यात उलट जास्तच पेटतात. निळ्याचा हट्ट असेल तर निळा जांभळ्याकडे ढकला आणि त्यात लाल थोडा वाढवा. चमकीचे कण टाकलेत तर ते अंतर वाढताना विरघळून जातील अशी सोय करा, नाहीतर लांबची गाडी मुंग्या आल्यासारखी वळवळते.

स्टिकर आणि पट्ट्यांचा नियम माझा एकच: पट्टी पत्र्याच्या घडीला धरून जाऊ दे, तिला आडवी कापून नव्हे. आणि कुठल्याही गाडीवर एकच गोष्ट ओरडू दे. पट्टे ओरडणार असतील तर रंग शांत, रंग ओरडणार असेल तर पट्टे नकोत. भडक वेगळं, बटबटीत वेगळं.

इथे माझी एक फजिती सांगते. गाडी अर्धी बनवून आरशासारखी उलटवतात, आणि दोन्ही बाजूंना एकच टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चिकटवायचं चित्र, बसवतात, वेळ वाचतो. मी दारावर ठसठशीत अक्षरांत ‘तुफान’ लिहिलं. डाव्या दारावर झकास. उजव्या दारावर अर्थातच ते उलटं, ‘न’ पासून सुरू होणारं. दोन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे पाठीकडूनच खेळत होते! पोस्टर करायला गाडी उजवीकडून वळवली तेव्हा कळलं. आता अक्षरांसाठी वेगळा यूव्ही चॅनेल, म्हणजे चित्र मॉडेलवर कुठे बसेल याचा नकाशा, ठेवते, त्यात दोन्ही बाजू स्वतंत्र. सुरुवातीलाच दारावर एक अक्षर टाकून बघा, म्हणजे पुढचा खोळंबा नको.

आता गाडीखालचा निऑन. २००३ च्या नीड फॉर स्पीड: अंडरग्राउंडमध्ये सगळ्या रेसा रात्रीच्याच होत्या, आणि तेव्हापासून स्ट्रीट रेसिंग गेम म्हटलं की लोकांना गाडीखाली उजेड हवाच असतो. मी सुरुवातीला काय केलं, गाडीच्या पोटाला चमकणारी पट्टी चिकटवली आणि वाट बघत बसले. ओल्या रस्त्यावर काहीच दिसेना. कारण असं की बऱ्याच गेममध्ये ओल्या रस्त्याचं प्रतिबिंब पडद्यावर जे दिसतंय त्यातूनच काढतात. पट्टी गाडीच्या पोटाला आहे, कॅमेरा वर आहे, म्हणजे पट्टी पडद्यावर नाही. मग तिचं प्रतिबिंब येणार कुठून?

म्हणून उजेड खोटा घ्या. गाडीखाली रस्त्यावर एक मऊ कडेचं चित्र पाडा, गाडीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर रुंद आणि मागे त्याहून थोडं जास्त. त्यात फिकटसं दुसरं चित्र मिसळून ओलसरपणा द्या. रस्ता खडबडीत असेल तर उजेड किंचित थरथरू दे. स्कर्ट, म्हणजे दारांखालची पट्टी, आणि रस्ता यांत आठ-नऊ सेंटिमीटर तरी फट ठेवा. जमिनीला टेकलेल्या गाडीखालचा निऑन नुसती रेघ होतो. आणि गाडीच्या रंगाचाच निऑन नको. नारिंगी गाडीखाली नारिंगी उजेड म्हणजे सांडलेलं सरबत. हिरवट-निळा लावून बघा.

सायलेन्सरमधून ज्वाळा मला मनापासून आवडतात. ॲक्सिलरेटर सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल गरम नळीत पेटतं, त्यातून ती येते. म्हणून ती गिअर बदलताना किंवा पाय उचलताना दाखवा, सतत नको. एक फ्रेम पांढरी, दोन निळ्या, मग नारिंगी. एवढंच.

आणि नंबर प्लेट. हिला सगळे शेवटी ठेवतात, मी पण ठेवायचे, पण पडद्याच्या मधोमध, पूर्ण रेसभर, न हलणारी वस्तू हीच आहे. खेळणाऱ्याला तिथे स्वतःचं नाव लिहू द्या. आठ अक्षरं मावतील एवढी रुंदी आधीच धरा, वेलांट्या आणि उकार कापले जाणार नाहीत म्हणून वर-खाली जागा सोडा, वरून एक छोटासा पांढरा दिवा द्या, आणि टेल लॅम्पचा लाल प्रकाश तिच्यावर येऊ देऊ नका. परवा एका मुलाने टेस्टिंगला प्लेटवर ‘आईशप्पथ’ लिहिलं होतं आणि अख्खा तास त्याने दुसरी गाडी घेतली नाही.