सरकार डळमळू लागलं की पोल कसे वाचायचे: ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

इथलं पहिलं राजकीय संकट अनुभवताना नवीन माणूस हमखास गोंधळतो. रोज नवा पोल, म्हणजे जनमत चाचणी, येतो, 'सर्वांत नावडता नेता' असे मथळे झळकतात, पण निवडणूक कुठेच दिसत नाही. आणि एक दिवस पंतप्रधानच बदलतो. २०२२ मध्ये जॉन्सन, ट्रस आणि सुनक असे तीन पंतप्रधान झाले, तेही सार्वत्रिक निवडणूक न होता. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पोलमधला आकडा कुणाला खुर्चीवरून उतरवत नाही. तो वाचून ज्यांना स्वतःच्या मतदारसंघाची धास्ती वाटते, ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार नेत्याला उतरवतात.

लिझ ट्रस यांची कारकीर्द या दृष्टीने तारखांसकट समजून घेण्यासारखी आहे. ५ सप्टेंबर २०२२ ला पक्षसदस्यांच्या मतदानात ५७.४ टक्के मतं घेऊन त्या जिंकल्या. ते फक्त तेव्हा सत्तेत असलेल्या काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या सदस्यांचं मत होतं, देशाचं नव्हे. २३ सप्टेंबरला त्यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी 'मिनी-बजेट' मांडलं. करकपात मोठी होती आणि पैसा कुठून येणार याचा हिशेब नव्हता. तीन दिवसांत पौंड डॉलरच्या तुलनेत नीचांकी घसरला, सरकारी रोख्यांचे व्याजदर उसळले आणि बँकांनी गृहकर्जाच्या योजना मागे घेतल्या. आठवडाभरात यूगव्ह या पोल घेणाऱ्या संस्थेच्या एका पोलमध्ये विरोधी लेबर पक्ष ५४ टक्के, काँझर्व्हेटिव्ह २१ टक्के असं चित्र आलं. ऑक्टोबरच्या मध्यात ट्रस यांच्याबद्दल १० टक्के लोकांचं मत अनुकूल आणि ८० टक्क्यांचं प्रतिकूल होतं. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग यांना पदावरून हटवलं, १७ ला नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी बहुतेक करकपात मागे घेतली, २० ला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. क्रम नीट पाहा: आधी कर्जाचा हप्ता, मग पोल, मग खासदार.

आता आकडा हातात आला की काय तपासायचं. सगळ्यात आधी नेमका प्रश्न कोणता होता ते बघा. 'या नेत्याबद्दल तुमचं मत अनुकूल की प्रतिकूल?', 'त्यांच्या कामावर समाधानी आहात का?' आणि 'या दोघांपैकी चांगला पंतप्रधान कोण?' हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी येतात. इप्सॉस ही दुसरी संस्था अनेक वर्षं समाधानाचा प्रश्न विचारते, यूगव्ह अनुकूलतेचा. एका संस्थेचा मागच्या महिन्याचा आकडा आणि दुसरीचा या महिन्याचा आकडा शेजारी ठेवून 'घसरण' म्हणणं साफ चूक आहे. तुलना त्याच संस्थेच्या, त्याच प्रश्नाच्या आधीच्या आकड्याशीच करा.

मथळ्यात बहुधा निव्वळ आकडा असतो, म्हणजे अनुकूल वजा प्रतिकूल. तो फसवा ठरू शकतो. ३५ अनुकूल आणि ४५ प्रतिकूल असले तरी उणे १० येतात, आणि १० अनुकूल, २० प्रतिकूल, बाकी ७० जणांना 'माहीत नाही' असलं तरी उणे १०च. पहिल्या नेत्याबद्दल लोकांचं मत ठरलेलं आहे, दुसऱ्याला अजून कुणी ओळखतच नाही. छोट्या पक्षांच्या आणि नव्याने निवडलेल्या नेत्यांच्या बाबतीत हा 'माहीत नाही'चा रकाना आवर्जून बघा.

साधारण १,००० लोकांच्या नमुन्यात प्रत्येक टक्केवारी तीनेक टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकते, आणि निव्वळ आकड्यात ही चूक जवळजवळ दुप्पट होते. त्यामुळे चार-पाच अंकांच्या हालचालीवरून काही ठरवू नका. स्कॉटलंडच्या वाट्याला अशा पोलमध्ये शंभराच्या आतबाहेर माणसं येतात, तेव्हा 'स्कॉटलंडमध्ये लाट उलटली' हे एका पोलवरून कुणी सांगितलं तर ऐकू नका. बहुतेक पोल्समध्ये उत्तर आयर्लंड धरलेलंच नसतं. फील्डवर्कच्या, म्हणजे लोकांना प्रश्न विचारल्याच्या, तारखाही बघा. मंत्र्याचा राजीनामा बुधवारी आणि मुलाखती सोमवार-मंगळवारच्या असतील, तर त्या राजीनाम्याचा परिणाम त्या आकड्यात नाही. ब्रिटिश पोलिंग कौन्सिलच्या सदस्य संस्थांना सविस्तर तक्ते जाहीर करावे लागतात. प्रश्नाची शब्दरचना, तारखा, नमुना सगळं तिथे मिळतं.

पोल चुकतातही, आणि कधीकधी सगळे एकाच दिशेने. १९९२ आणि २०१५ मध्ये चुरस दिसत होती आणि काँझर्व्हेटिव्ह स्पष्ट आघाडीने जिंकले. २०१५ च्या चौकशीत मुख्य दोष नमुन्याचा निघाला: ज्यांच्यापर्यंत पोहोचले, ते मतदारांचं खरं प्रतिबिंब नव्हते. २०२४ मध्ये लेबर जिंकणार हे बरोबर आलं, पण आघाडी प्रत्यक्षात सुमारे १० टक्के निघाली. अखेरच्या बहुतेक पोल्सनी ती बरीच मोठी दाखवली होती. म्हणून संकटात पोटनिवडणुकांकडे जास्त लक्ष द्या. तिथे खरी मतं पडतात. २३ जून २०२२ ला टिव्हर्टन अँड हॉनिटन या मतदारसंघातलं २४ हजारांहून मोठं मताधिक्य काँझर्व्हेटिव्हांनी गमावलं. जॉन्सन यांनी त्याच महिन्यात पक्षातला विश्वासठराव २११ विरुद्ध १४८ असा जिंकला होता, तरी ७ जुलैला त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला.

आणि हे सगळं नुसतं बघत बसू नका. भारत राष्ट्रकुलात असल्याने, वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. विद्यार्थी असलात तरी. कितीतरी जणांना हे वर्षानुवर्षं माहीतच नसतं, याची फार हळहळ वाटते. सरकारी संकेतस्थळावर नोंदणीला पाचेक मिनिटं लागतात. पत्ता, जन्मतारीख आणि एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नंबर लागतो. मुदत मतदानाच्या आधी कामाचे १२ दिवस. निवडणूक अचानक जाहीर झाली की हे दिवस भरभर सरतात, म्हणून भाड्याचं घर बदललं की लगेच नव्या पत्त्यावर नोंद करा. मतदार यादीत नाव असल्याचा क्रेडिट स्कोअरलाही उपयोग होतो. मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. तो व्हिसाच्या कामासाठी दिलेला असेल तर मोफत मिळणाऱ्या व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेटसाठी (मतदानापुरतं फोटो ओळखपत्र) आधीच अर्ज करा. उन्हाळ्यात भारतात जाणार असाल तर टपाली मतपत्रिका वेळेत परत पोहोचेलच असं धरून चालू नका. इथल्या विश्वासू नोंदणीकृत मतदाराला प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या वतीने मत देणारा, नेमा. त्याचा अर्ज मतदानाच्या कामाचे ६ दिवस आधी, संध्याकाळी ५ पर्यंत पोहोचायला हवा.