घर नेमकं किती तासांवर आहे?

नव्याने परदेशात आलेल्या प्रत्येकाला मी एक काम पहिल्याच आठवड्यात करायला सांगतो. अचानक घरी निघावं लागलं, तर इथल्या दारापासून तिथल्या दारापर्यंत किती तास लागतील, हे काढून ठेवा. तसा फोन आला की हिशेब करण्याच्या मनःस्थितीत आपण नसतो.

नेटवर दोन विमानतळांमधलं अंतर दिसतं, ते पृथ्वीच्या गोलाईवरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेचं असतं. सपाट नकाशावर हीच वाट वाकडी दिसते. लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण ५५४० किलोमीटर आहे. प्रवासी जेट ताशी ८५० ते ९०० किलोमीटरने जातं. अंतराला ८५० ने भागा आणि विमान वर चढण्याचा आणि खाली उतरण्याचा मिळून अर्धा तास मिळवा. उत्तर सात तास येतं. न्यूयॉर्कहून लंडनला जाताना ते बहुतेक जुळतं, उलट दिशेने मात्र आठेक तास लागतात. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर अधिकच. म्हणून येतानाच्या वेळेवरून जातानाची वेळ धरू नका.

वाट बंद झाली तर अंतराचा आकडा फारसा कामाचा राहत नाही. २०२२ मध्ये युरोपातल्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ-दहा तासांचा प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. शहरं जागच्या जागीच होती.

आता घड्याळाचं. तिकिटावर निघण्याची वेळ निघायच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचायच्या गावची असते. न्यूयॉर्कहून संध्याकाळी सातला निघून लंडनला सकाळी सातला उतरलात, तर वजाबाकी बारा तास दाखवते. त्यातून पाच तासांचा फरक काढला की खरे सात उरतात. मार्चमध्ये अमेरिका घड्याळं युरोपच्या आधी पुढे करते, त्यामुळे दोन-तीन आठवडे हा फरक चारच तासांचा असतो. त्या दिवसांतली तिकिटं दोनदा तपासा.

पहिल्या वर्षी पश्चिमेकडे येताना मी आईला पोहोचण्याची वेळ तिकिटावरची जशीच्या तशी सांगितली. तिने ती आपल्या घड्याळाची समजून घेतली. मी उतरेपर्यंत ती कित्येक तास फोन हातात धरून बसली होती. तेव्हापासून मी घरच्यांना त्यांच्याच घड्याळाची वेळ सांगतो, वारासकट.

तिकिटावरचा कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतचा असतो. विमानतळ गाठणं, तपासणी, इमिग्रेशन, सामान आणि पुढचा रस्ता, हे सगळं वेगळं मोजा.

मध्ये विमान बदलायचं असेल तर शक्यतो दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण दुसरं विमान चुकलं की ते पैसे बहुधा बुडतात. जिथे विमान बदलायचं, तिथे ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे त्या देशातून नुसतं पुढे जाण्याची परवानगी, लागतो का, हेही आजच बघा. घाईच्या दिवशी तो मिळवायला वेळ नसतो, आणि तो नसेल तर पहिल्याच काउंटरवर अडवतात.