सरकारी बातमीपत्र कसं तपासावं

लोकमत वळवायला दरवेळी खोटं बोलावं लागत नाही. कुठली बातमी आधी द्यायची, कुणाला किती वेळ बोलू द्यायचं आणि काय गाळायचं, एवढं हातात असलं की काम भागतं. म्हणून तपासायचं तेही हेच.

पहिली पायरी म्हणजे संपादकाला नेमतो आणि काढतो कोण, ते शोधा. पैसा कुणाचा, एवढ्यावरून निकाल देऊ नका. ब्रिटनची बीबीसी टीव्ही पाहणाऱ्या घरांनी कायद्याने भरायच्या परवाना शुल्कावर चालते, तरी तिचं रोजचं संपादन सरकार करत नाही. उलट हंगेरीत २०१८ साली मालकांनी ४०० हून अधिक माध्यमं एकाच सरकारधार्जिण्या प्रतिष्ठानाला देऊन टाकली. कागदोपत्री ती खासगीच राहिली!

मग सलग सात दिवस एकच मुख्य बातमीपत्र पाहा. वहीत चार रकाने करा: विषय, क्रम, सेकंद, बोललं कोण. एकाच दिवसाची नोंद फसवते, कारण त्या दिवशी एखादी मोठी घटना सगळा वेळ खाऊन टाकते. चीनच्या संध्याकाळी ७ च्या 'शिनवेन ल्येनबो' या सरकारी बातमीपत्रात नेत्यांच्या बैठका आधी आणि जगाच्या बातम्या शेवटी, ही घडी सात दिवसांत स्पष्ट दिसते.

सगळ्यात कठीण काम म्हणजे गाळलेलं हुडकणं. सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे झाला. २८ तारखेला सकाळी स्वीडनमध्ये किरणोत्सर्ग सापडला आणि त्या रात्री सोव्हिएत दूरचित्रवाणीने मोजकी वाक्यं वाचली: अपघात झाला, एका अणुभट्टीचं नुकसान झालं, उपाययोजना सुरू आहे, बाधितांना मदत दिली जात आहे, सरकारी आयोग नेमला आहे. किरणोत्सर्ग किती, वारा कुठल्या दिशेचा, मुलांना बाहेर सोडायचं का? यातलं काहीच नाही. प्रत्येक बातमीला हाच प्रश्न विचारा: हे ऐकून लोकांनी आता काय करायचं, ते कळलं का?

शब्दही टिपा. २०२२ च्या रशियात युक्रेनवरच्या हल्ल्याला 'युद्ध' म्हणायची बंदी होती, 'विशेष लष्करी कारवाई' म्हणायचं. सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवल्याबद्दल १५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा आला. 'कारवाई करण्यात आली' असं ऐकलंत की थांबा आणि कर्ता शोधा: केली कुणी, कुणावर?

पडताळणीसाठी दुसऱ्या सरकारचं चॅनल एकटं धरू नका. तिथेही कुणीतरी गाळत असतंच. आणि सगळंच खोटं मानायची घाई तर मुळीच नको, तसं केलं की माणूस अफवांच्या तावडीत सापडतो. वही जपून ठेवा. महिन्याने उघडा आणि पहिल्या क्रमांकाच्या बातम्यांचं पुढे काय झालं, ते शेजारी लिहा.