अलंकार ओळखताना आधी उपमेय आणि उपमान शोधा

नागपुरात मराठी साहित्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी अलंकारांच्या व्याख्या सुट्या पाठ करण्यापेक्षा ओळखीचे एकच उपमेय आणि एकच उपमान घेऊन त्यांवर साम्यावर आधारलेले अलंकार घडवून पाहावेत, कारण त्यांतला फरक उपमेय-उपमानाच्या नात्याचा असतो. उपमेय म्हणजे ज्याचे वर्णन करायचे ते आणि उपमान म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते.

समजा, अंबाझरी तलावाचे पाणी हे उपमेय आणि आरसा हे उपमान घेतले. ‘अंबाझरीचे पाणी आरशासारखे नितळ आहे’ ही उपमा झाली. यात ‘नितळ’ हा साधारण धर्म, म्हणजे दोघांतला समान गुण असून ‘सारखे’ हा साधर्म्यवाचक, म्हणजे सारखेपणा दाखवणारा शब्द आहे. ‘हे पाणी जणू आरसाच’ ही उपमेय जणू उपमानच आहे अशी कल्पना करणारी उत्प्रेक्षा, तर ‘हे पाणी नव्हे, आरसा आहे’ ही उपमेयाचा निषेध करणारी अपन्हुती होय. ‘आरशाहूनही नितळ पाणी’ म्हटले की उपमेय उपमानापेक्षा सरस ठरून व्यतिरेक होतो. ‘पाण्याच्या आरशात आभाळ रूप न्याहाळते’ या ओळीत मात्र बारकाईने पाहावे: पाणी आणि आरसा एकरूप झाल्याने रूपक आहेच, शिवाय निर्जीव आभाळ माणसासारखे वागत असल्याने चेतनगुणोक्तीही आहे. उत्तरपत्रिकेत असे दोन्ही अलंकार कारणासह दाखवणे मला अधिक मोलाचे वाटते.

केवळ ‘सारखा’ शब्द दिसला म्हणून उपमा मानू नये. ‘धरमपेठेतले घर सीताबर्डीतल्या घरासारखे आहे’ हे विधान साधी माहिती देते. त्यात चमत्कृती, म्हणजे कल्पनेचे सौंदर्य नाही, म्हणून अलंकारही नाही.